दामोदर धर्मानंद कोसंबी : पीएचडीविना मोठा संशोधक



गंगापूरसारख्या तालुक्याच्या गावात मुलाने पीएचडी करायची म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो खर्चाचा. तुम्हीही तो ऐकला असेल. म्हणून आज दा. ध. कोसंबींची ओळख. इतिहासकार म्हणून त्यांचं नाव आपण जाणतो, पण ते मुळात गणिताचे माणूस.

31 जुलै 1907 रोजी त्यांचा जन्म गोव्यात झाला. वडील धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. त्यांच्यासोबत दामोदर लहानपणीच अमेरिकेला गेले आणि 1929 मध्ये हार्वर्डमधून सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाले. तिथे पीएचडीसाठी राहणं मात्र जमलं नाही. ते भारतात परतले, बनारस आणि अलीगढला शिकवलं आणि 1933 पासून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले.

इथेच खरी गंमत आहे. 1943 मध्ये त्यांनी एक शोधनिबंध लिहिला. त्यातली कल्पना अशी समजून घ्या : जायकवाडीच्या दरवाजातून पाणी सुटतं तेव्हा प्रत्येक ठिकाणी त्याचा वेग वेगळा, क्षणाक्षणाला बदलणारा. लाखो आकडे! पण त्या गोंधळात थोडेच मुख्य आकृतिबंध असतात, बहुतेक हालचाल त्यांतच सामावते. ते शोधून काढण्याची गणिती रीत कोसंबींनी मांडली. त्याच सुमारास इतर देशांतही काहींना ती स्वतंत्रपणे सुचली, पण कोसंबींचा निबंध त्यांच्या आधीचा. आज महासंगणकावर वारा-पाण्याच्या प्रवाहाचं गणित करणारे ही रीत सर्रास वापरतात.

पुढे होमी भाभांनी त्यांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावलं. पुणे-मुंबई प्रवास डेक्कन क्वीनने! 1948-49 मध्ये युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर ते इंग्लंड-अमेरिकेत गेले, तेही संगणक यंत्रांचा अभ्यास करायला. तेव्हा आपल्या देशात असं एकही यंत्र नव्हतं. बघा, हार्वर्डनंतर जवळजवळ वीस वर्षांनी.

आता तुमच्या विद्यार्थ्यांसाठी थोडं. विज्ञानात पीएचडी करताना नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये मिळतात. पंतप्रधान संशोधन शिष्यवृत्तीत सुरुवातीलाच 70,000. पुण्यात सी-डॅकने 1991 मध्ये परम 8000 हा महासंगणक उभा केला, आयसरमध्येही आता परम ब्रह्म आहे. दहावी-बारावीच्या पालकसभेत हे आकडे जरूर सांगा, कारण बहुतेकांना संशोधकाला दरमहा पैसे मिळतात हेच ठाऊक नसतं.

कोसंबींनी पुढे हजारो जुनी नाणी तराजूवर तोलली, झीज मोजून त्यांचा काळक्रम लावला. ते इतिहासाकडे वळले ते असे, संख्याशास्त्राच्या वाटेने. 29 जून 1966 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी जॉन लमली या अमेरिकी शास्त्रज्ञाने तीच रीत खळाळत्या प्रवाहाला लावून दाखवली.