नाव नवऱ्याचं, लेखणी जेसीची

अमेरिकेच्या नकाशावर फ्रीमाँट हे नाव जागोजागी दिसतं. कॅलिफोर्नियात या नावाचं शहर आहे, वायोमिंगमध्ये शिखर आहे. हे आडनाव जॉन फ्रीमाँटचं. आधी पश्चिमेच्या वाटांची मोजणी करणारा संशोधक, मग राजकारणी. पण मैत्रिणींनो, या आडनावाला मोठं केलं ते त्याच्या बायकोने.

जेसीचा जन्म १८२४ सालचा. वडील थॉमस बेंटन म्हणजे मिसुरी राज्याचे वजनदार सिनेटर. लेकीला त्यांनी मुलासारखं वाढवलं. फ्रेंच, स्पॅनिश, घरातली पुस्तकं, राजकारणाच्या गप्पा, सगळं तिला खुलं. मात्र सतराव्या वर्षी तिने एका गरीब लष्करी अधिकाऱ्याशी गुपचूप लग्न केलं, तेव्हा याच वडिलांनी घर डोक्यावर घेतलं! पुढे राग निवळला. जावयाला मोहिमा मिळाल्या त्याही सासऱ्याच्याच वजनाने.

१८४२च्या मोहिमेवरून जॉन परतला. आता अहवाल लिहायचा होता. पण लिहायला बसलं की त्याचं डोकं दुखायचं, नाकातून रक्त यायचं. मग तो सांगायचा आणि जेसी लिहायची. घरात तान्ही लेक, तरी हे काम चुकलं नाही. सरकारी अहवाल कोण हौसेने वाचतं? हा लोकांनी गोष्टीसारखा वाचला. १८४५ मध्ये दोन मोहिमांच्या एकत्र अहवालाच्या १०,००० प्रती सिनेटने छापल्या. पश्चिमेला निघालेली कुटुंबं तो सोबत नेत. वर नाव एकट्या जॉनचं!

दुसऱ्या मोहिमेच्या वेळची गंमत ऐका. जॉनने सोबत तोफ घेतली म्हणून वॉशिंग्टनहून परत बोलावण्याचं पत्र आलं. ते पडलं जेसीच्या हाती. तिने पत्र दाबून ठेवलं आणि नवऱ्याला निरोप धाडला, ताबडतोब निघा. वय तेव्हा जेमतेम एकोणीस.

सगळंच कौतुकाचं नाही बरं का. १८४६ मध्ये जॉनच्या माणसांनी तिथल्या आदिवासींच्या कत्तली केल्या. हा डागही याच नावावर आहे.

१८५६ मध्ये नव्या रिपब्लिकन पक्षाने जॉनला राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं केलं. गुलामगिरी पसरू द्यायची नाही, हा मुद्दा. बायकांना मत नव्हतं, तरी सभांमधून जेसीच्या नावाचा गजर व्हायचा. आणि वडील? त्यांनी पाठिंबा दिला विरोधी उमेदवाराला. तिला काय वाटलं असेल! जॉन हरला.

१८६१ मध्ये, यादवी युद्धात, जॉनने मिसुरीतल्या बंडखोरांचे गुलाम मुक्त केल्याचं जाहीर केलं. लिंकन नाराज झाले. जेसी रेल्वेने वॉशिंग्टन गाठून त्याच रात्री त्यांच्यापुढे उभी राहिली. लिंकननी ऐकलं नाही, उलट बाई फारच राजकारणी आहे असा शेरा मारला. जॉनचा हुकूम रद्द झाला.

पुढे १८७३च्या मंदीत होतं नव्हतं ते गेलं. तेव्हा जेसी मासिकांसाठी लिहू लागली आणि त्या पैशांवर घर चाललं. यावेळी लेखाखाली नाव तिचं स्वतःचं होतं. १८९० मध्ये जॉन गेला. निराधार जेसीला लॉस एंजेलिसच्या बायकांनी एक घर बांधून दिलं. १९०२ मध्ये ती गेली, तोवर तिथेच राहिली.