सैल लगाम

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडचे जीवन घोड्यांच्या बळावर चालत असे. आगगाड्या सुरू झाल्या होत्या. पण स्थानकापर्यंत माणसे आणि माल पोहोचवण्याचे काम घोडेच करीत. शेतातला नांगर, श्रीमंतांची बग्गी, लंडनच्या रस्त्यावरील भाड्याची गाडी, सारे त्यांच्याच खांद्यांवर होते. या मुक्या प्राण्याला काय सोसावे लागते, याचा विचार मात्र फार थोडे लोक करीत. तो विचार घराघरांत पोहोचवला एका स्त्रीने, जिला स्वतःला धड चालताही येत नव्हते. तिचे नाव ॲना स्यूएल.

ॲनाचा जन्म ३० मार्च १८२० रोजी नॉरफोक परगण्यातील ग्रेट यारमथ या गावी झाला. तिचे कुटुंब क्वेकर पंथाचे होते. घरची स्थिती बेताची असल्याने आई मेरी हिने ॲनाला आणि तिचा धाकटा भाऊ फिलिप याला बराच काळ घरीच शिकवले. मुक्या प्राण्यांशी दयेने वागावे, हा संस्कार मुलांवर लहानपणीच झाला.

चौदाव्या वर्षी ॲनाच्या आयुष्याला वेगळे वळण लागले. पावसात शाळेतून घाईने परतताना ती घसरून पडली आणि तिच्या घोट्यांना गंभीर इजा झाली. ती दुखापत कधीच पूर्ण बरी झाली नाही. पुढे आयुष्यभर तिला फार वेळ उभे राहता येत नसे, की दूरवर चालता येत नसे. घराबाहेर पडण्यासाठी तट्टाची छोटी गाडी हाच तिचा आधार झाला.

ही गाडी ती स्वतः हाकीत असे. वडिलांना स्थानकावर सोडणे आणि परत आणणे, हे तिचे आवडते काम होते. ती लगाम सैल धरी, चाबकाऐवजी शब्दांचा उपयोग करी आणि एखाद्या सोबत्याशी बोलावे तसे घोड्याशी बोलत राही. घोडाही तिचे ऐके. ज्यांच्या पायांवर आपले हिंडणे-फिरणे अवलंबून आहे, त्यांना न दुखवताही काम करवून घेता येते, हे तिने अनुभवाने जाणले.

त्या काळी घोड्याच्या तोंडातील लोखंडी कडीला एक जादा लगाम जोडून तो पाठीवरील साजाला घट्ट अडकवण्याची पद्धत होती. त्याला ‘बेअरिंग रेन’ म्हणत. त्यामुळे घोड्याची मान सतत उंच ताणलेली राही आणि बग्गी रुबाबदार दिसे. परंतु चढावर ओझे ओढताना घोड्याला मान खाली घालून अंगाचा भार पुढे टाकावा लागतो. या लगामाने ते अशक्य होई. त्याचा श्वास कोंडे, तोंड सोलवटे आणि मानेला व पाठीला वेदना होत. केवळ दिखाव्यासाठी चाललेला हा छळ ॲनाला असह्य झाला.

१८७१ च्या सुमारास तिची प्रकृती अधिकच ढासळली. नॉरिचजवळच्या ओल्ड कॅटन येथील घरात ती बहुतेक वेळ कोचावर पडून असे. त्याच अवस्थेत तिने ‘ब्लॅक ब्यूटी’ ही कादंबरी लिहिण्यास घेतली. बळ असेल तेव्हा ती कागदाच्या चिठ्ठ्यांवर मजकूर लिही किंवा आईला सांगे. आई त्याची स्वच्छ प्रत तयार करी. सुमारे सहा वर्षे हे काम चालले.

ही कथा घोडाच सांगतो. म्हणूनच मुखपृष्ठानंतरच्या पानावर ॲनाने स्वतःला केवळ घोड्याच्या भाषेतून अनुवाद करणारी म्हटले. कथानायकाचे शिक्षण मायेने होते. मालक स्वतः त्याला खोगिराची आणि लगामाची हळूहळू सवय लावतो. गाडी ओढण्याच्या सरावाला आईच्या जोडीने जुंपतो. आगगाडीची भीती जावी म्हणून त्याला रुळांलगतच्या कुरणात चरायला सोडले जाते. धडधडत जाणारी गाडी आपल्याला काहीच करीत नाही, हे पाहून त्याची भीती आपोआप नाहीशी होते. याउलट ‘जिंजर’ या घोडीला माणसांनी बळजबरीने धरून, तिच्या तोंडात कडी कोंबून वठणीवर आणण्याचा प्रयत्न केलेला असतो. त्यातून ती चावरी आणि संशयी बनते. जन्मतः वाईट वाटणारा घोडा बहुधा वाईट वागणुकीने घडलेला असतो, हे ॲनाने या दोन आयुष्यांतून दाखवले.

२४ नोव्हेंबर १८७७ रोजी जॅरोल्ड या प्रकाशनसंस्थेने हे पुस्तक प्रसिद्ध केले. वाचकांनी त्याचे स्वागत केले. पण ते पाहण्यास ॲनाला जेमतेम पाच महिने मिळाले. २५ एप्रिल १८७८ रोजी तिचे निधन झाले. अंत्ययात्रेच्या गाडीच्या घोड्यांना तोच जाचक लगाम लावलेला तिच्या आईला दिसला आणि तिने तो तत्काळ काढायला लावला, असे सांगतात.

१८९० मध्ये अमेरिकेत जॉर्ज एंजेल या प्राणिमित्राने पुस्तकाची स्वस्त आवृत्ती काढून गाडीवान आणि तबेल्यातील नोकर यांच्यापर्यंत ती पोहोचवली. पुढे बेअरिंग रेनविरुद्ध लोकमत तयार झाले आणि त्याचा वापर ओसरत गेला.

ॲनाने आयुष्यात एकच पुस्तक लिहिले. आज ते जगभर मुलांचे पुस्तक म्हणून वाचले जाते. परंतु तिने ते मुख्यतः घोडे सांभाळणाऱ्यांसाठी लिहिले होते. घोड्याचे मन ओळखून त्याला वळण लावावे, धाकाने नव्हे, हा त्यातील विचार घोडागाड्यांचा काळ सरल्यावरही टिकून राहिला आहे.