तिखटाला माप देणारे स्कोव्हिल

मिरची घरोघरी असते. पण एक मिरची दुसरीपेक्षा किती तिखट, हे आकड्यात सांगण्याची रीत एका औषधशास्त्रज्ञाने घालून दिली. विल्बर लिंकन स्कोव्हिल हे त्यांचे नाव. त्यांचा जन्म २२ जानेवारी १८६५ रोजी अमेरिकेतील ब्रिजपोर्ट येथे झाला. बोस्टन येथे त्यांनी औषधनिर्माणशास्त्राचे अध्यापन केले. औषधे तयार करण्याच्या कलेवरील त्यांचा ग्रंथ १८९५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे अनेक दशके विद्यार्थ्यांच्या हाती राहिला.

नंतर ते डेट्रॉइटमधील पार्क-डेव्हिस या औषध कंपनीत दाखल झाले. दुखऱ्या अंगाला चोळण्याच्या औषधांत त्या काळी मिरचीचा अर्क घालीत. अडचण अशी, की मिरचीचा तिखटपणा कधीच सारखा नसतो. बियाणे, माती, ऊन आणि पाणी यांप्रमाणे तो बदलतो. एकाच झाडाच्या दोन मिरच्यांतही फरक पडतो. अर्क सौम्य निघाला तर औषध निरुपयोगी, जहाल निघाला तर रुग्णाच्या कातडीची आग होणार. हा तिखटपणा कॅप्सायसिन या द्रव्यामुळे येतो, हे ठाऊक होते. परंतु त्याचे अल्प प्रमाण अचूक सांगणारी रासायनिक कसोटी हाताशी नव्हती.

स्कोव्हिल यांनी मग जिभेवरच भिस्त ठेवली. १९१२ साली त्यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. मिरचीची मोजून घेतलेली पूड रात्रभर मद्यार्कात भिजवायची, अर्क गाळायचा आणि तिखटपणा जिभेला जेमतेम जाणवेल इतका तो साखरेच्या पाण्यात विरळ करायचा. जितके पट विरळ करावे लागेल, तितकी तिखटाची एकके. शास्त्रज्ञांना हे माप ढोबळ वाटणे स्वाभाविक होते. ठेच्यावर वाढलेली जीभ आणि दूधभातावर वाढलेली जीभ एकच आकडा सांगेल, हे संभवत नाही! शिवाय काही घोटांनंतर जीभ बधिर होते, ते निराळेच. तरीही दुसरे साधन नसताना या मापाने मोठे काम भागवले.

१९२९ साली स्कोव्हिल यांना औषधशास्त्रातील रेमिंग्टन पदक मिळाले. १० मार्च १९४२ रोजी त्यांचे निधन झाले.

आता कॅप्सायसिन यंत्राने मोजतात, पण आलेला आकडा स्कोव्हिल एककांतच सांगतात. आपल्या ईशान्य भारतातील भूत जोलकिया मिरचीने दहा लाख एककांची मर्यादा ओलांडली आणि २००७ साली गिनीज बुकात तिची नोंद झाली. २०२३ मध्ये अमेरिकेतील ‘पेपर एक्स’ या मिरचीचा आकडा सुमारे २६ लाख ९३ हजार भरला. भोपळी मिरचीचा आकडा मात्र शून्य आहे.