‘बॉड’मागचे बोदो

जुन्या संगणक टर्मिनलांचा संग्रह एकत्र जोडू पाहणाऱ्याने टर्मिनल सर्व्हर निवडताना केवळ पोर्टची संख्या पाहून भागत नाही. वेगही जुळावा लागतो. टेलिटाइप मॉडेल ३३ हे ११० बॉडने चालते, तर १९७८ मधील ‘व्हीटी१००’ १९,२०० बॉडपर्यंत जाते. या ‘बॉड’ला ज्यांचे नाव मिळाले, त्या एमिल बोदो यांच्यापुढेही प्रश्न जोडणीचाच होता.

११ सप्टेंबर १८४५ रोजी फ्रान्समध्ये एका शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. शिक्षण गावच्या प्राथमिक शाळेपुरतेच. काही काळ शेती करून १८६९ मध्ये ते तारखात्यात शिकाऊ म्हणून रुजू झाले. संदेशांच्या मधल्या काळात तार रिकामी राहते, हे त्यांनी हेरले. १८७४ मध्ये त्यांनी आपल्या छापील तारयंत्राचे पेटंट घेतले. प्रत्येक अक्षराला सारख्या लांबीचे पाच संकेत आणि फिरत्या वितरकाने प्रत्येक तारमास्तराला पाळीपाळीने दिलेली तीच तार, ही त्यातील युक्ती. डाव्या हाताच्या दोन व उजव्याच्या तीन बोटांनी पाच कळा यंत्राच्या ठेक्यावर दाबाव्या लागत. ठेका चुकला की अक्षर बिघडे!

१८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले. खात्याचे अर्थसाहाय्य मात्र तुटपुंजेच होते. संशोधनाच्या खर्चासाठी १८८० मध्ये त्यांनी ते पदकच विकले. २८ मार्च १९०३ रोजी त्यांचे निधन झाले. ‘बॉड’ हे नाव रूढ झाले ते १९२६ मध्ये.