विरोधी बाकांवरील डॉ. बाबासाहेब आंबेडकर

कांद्याच्या बाजारपेठेमुळे आणि ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या मुक्कामामुळे लोणंद हे गाव महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. लोणंद स्थानकावर मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत बसले की वाठार, सातारा, कोरेगाव, रहिमतपूर ही स्थानके मागे टाकीत गाडी कराडच्या अलीकडे मसूर येथे पोहोचते. ह्या लहानशा स्थानकावर १९०१ च्या सुमारास, उन्हाळ्याच्या सुट्टीत, नवे कपडे घातलेली काही मुले उतरली. त्यांतील एक मुलगा दहा वर्षांचा होता. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर.

भीमरावांचे वडील सुभेदार रामजी सैन्यातून निवृत्त झाल्यावर साताऱ्यास स्थायिक झाले होते. तेथेच आई भीमाबाईंचे निधन झाले. पुढे खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे दुष्काळी कामावर रामजींना रोखपालाची नोकरी मिळाली. त्यांना भेटण्यासाठी मुले निघाली होती. येण्याची वर्दी वेळेवर न पोहोचल्याने त्यांना घ्यायला कोणी आले नाही. स्टेशनमास्तरांनी आस्थेने चौकशी केली; पण मुलांची जात समजताच त्यांचा चेहरा पालटला. एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन, बैल मुलांनीच हाकावेत आणि आपण गाडीबरोबर पायी चालावे, ह्या अटीवर एक गाडीवान राजी झाला. शिदोरी सोबत होती. परंतु वाटेत प्यायला पाणी कोणी दिले नाही. टोलनाक्याजवळ त्यांनी उपाशी व तहानलेल्या अवस्थेत रात्र काढली. हा प्रसंग बाबासाहेबांनी पुढे १९३० च्या दशकात स्वतः लिहून ठेवला. अस्पृश्यता म्हणजे काय हे त्यांना तत्पूर्वीही ठाऊक होते. साताऱ्याच्या शाळेत ते स्वतःच्या गोणपाटावर वेगळे बसत, आणि शिपायाने नळ सोडला तरच त्यांना पाणी मिळे. मसूरच्या वाटेवर मात्र त्याचा जो घाव बसला, तो आयुष्यभर राहिला.

७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव साताऱ्याच्या हायस्कुलात दाखल झाले होते. आज ही शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, आणि २०१७ पासून हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. साताऱ्याहून मुंबई, तेथून न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन असा त्यांचा विद्याभ्यासाचा प्रवास झाला. १९२७ मध्ये त्यांनी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. स्वतंत्र भारताचे ते पहिले कायदेमंत्री झाले आणि २९ ऑगस्ट १९४७ पासून घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. हा इतिहास बहुतेकांना ज्ञात आहे. त्यानंतरचा अध्याय, म्हणजे संसदेतील विरोधी सदस्य म्हणून त्यांनी केलेले कार्य, त्या मानाने दुर्लक्षित राहिला आहे.

सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. स्त्रियांना वारसा, विवाह व घटस्फोट ह्यांबाबत न्याय देऊ पाहणारे हिंदू कोड बिल सरकारने बाजूला ठेवले, हे त्याचे तात्कालिक कारण होते. अनुसूचित जातींची उपेक्षा आणि परराष्ट्र धोरण ह्यांविषयीची नाराजीही त्यामागे होती. साडेतीनशे कोटींच्या वार्षिक महसुलापैकी एकशे ऐंशी कोटी सैन्यावर खर्च होतात, हे त्यांनी आपल्या निवेदनात दाखवून दिले. मित्रराष्ट्रे नसल्यामुळेच हा भार देशाला वाहावा लागतो, अशी त्यांची मांडणी होती.

लगेचच आलेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५२ मध्ये, ते उत्तर मुंबई मतदारसंघातून पराभूत झाले. राज्यघटना घडविणाऱ्या माणसाला लोकसभेत जागा मिळू नये, हा दैवदुर्विलासच म्हणावा लागेल. मात्र त्याच वर्षी मुंबई राज्याच्या विधानसभेने त्यांना संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर निवडून दिले. १९५४ मध्ये भंडारा येथील पोटनिवडणुकीतही त्यांना अपयश आले. त्यामुळे अखेरपर्यंत राज्यसभा हेच त्यांचे व्यासपीठ राहिले. पाठीशी बहुमत नव्हते, पक्ष लहान होता. मधुमेह आणि संधिवाताने शरीर पोखरले होते. तरीही प्रश्न राष्ट्राचा असला की ते अभ्यासपूर्ण तयारीनिशी उभे राहत.

सप्टेंबर १९५३ मध्ये आंध्र राज्याच्या विधेयकावर चर्चा झाली. स्वतंत्र आंध्रसाठी उपोषण करताना पोट्टी श्रीरामुलू ह्यांचा डिसेंबर १९५२ मध्ये मृत्यू झाला होता. एका माणसाचा प्राण गेल्यावरच सरकारला जाग यावी, ह्याबद्दल बाबासाहेबांनी तीव्र टीका केली. भाषिक राज्य झाल्यावर तेथील प्रबळ जात लहान समाजांना दडपून टाकील, ही त्यांची खरी चिंता होती. अशा समाजांच्या संरक्षणासाठी राज्यपालांना विशेष अधिकार असावेत, अशी सूचना त्यांनी केली. घटना तर तुम्हीच लिहिली, असे सभागृहात त्यांना हिणवण्यात आले, तेव्हा ती जाळण्यास आपण सर्वांत पुढे असू, असे उद्विग्न उद्गार त्यांनी काढले. पुढे मार्च १९५५ मध्ये चौथ्या घटनादुरुस्तीच्या चर्चेत त्यांनी ह्या उद्गारांचा खुलासा केला. देवासाठी बांधलेल्या मंदिरात देवाची प्रतिष्ठापना होण्यापूर्वीच दैत्यांनी ठाण मांडले, तर ते मंदिर मोडण्यावाचून गत्यंतर उरत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हे दोन्ही प्रसंग एकत्र वाचल्याशिवाय त्यांची वेदना समजत नाही. घटनेचे अक्षर शाबूत राहावे आणि तिचा आत्मा हरवावा, हे त्यांना असह्य होत होते.

ऑगस्ट १९५४ मध्ये परराष्ट्र धोरणावर बोलताना त्यांनी पंचशीलावरील भाबड्या विश्वासाबद्दल इशारा दिला. तिबेटवरील चीनचा ताबा मान्य करून आपण आपल्याच सीमेवर संकट आणले आहे, असे त्यांचे मत होते. गोव्याचा प्रश्न वेळीच हाताळला असता तर तो प्रदेश खरेदी करून किंवा भाडेपट्ट्याने मिळविता आला असता, असेही त्यांनी सुचविले. त्यांची सर्वच मते सर्वांना पटण्यासारखी नव्हती. त्या वेळी त्यांच्यावर टीकाही झाली. मात्र १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर त्यांच्या ह्या इशाऱ्याचे अनेकांना स्मरण झाले.

त्याच वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात अनुसूचित जाती व जमाती आयुक्तांच्या अहवालावर चर्चा झाली. केवळ तक्रारी मांडून ते थांबले नाहीत. भूमिहीनांना पडीक जमिनी द्याव्यात आणि त्यासाठी लागणारा पैसा उभा करण्यासाठी रद्द झालेला मिठावरील कर पुन्हा बसवावा, असा प्रस्ताव त्यांनी ठेवला. त्या निधीला महात्मा गांधींचे नाव द्यावे, असेही त्यांनी सुचविले. गांधीजींशी त्यांचे मतभेद जगजाहीर होते. ज्या कराविरुद्ध गांधीजींनी १९३० मध्ये दांडीयात्रा काढली, तोच हा कर. पण ज्यांच्या उद्धाराची तळमळ गांधीजी व्यक्त करीत, त्यांच्या पदरात काहीतरी प्रत्यक्ष पडावे, हा त्यांचा आग्रह होता. सरकारने ही सूचना स्वीकारली नाही.

ह्यानंतर थोड्याच दिवसांत अस्पृश्यता (अपराध) विधेयक राज्यसभेपुढे आले. घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली होती. तिचे पालन करणाऱ्यास शिक्षा देणारा हा कायदा होता. मसूरच्या वाटेवर तहानलेला तो मुलगा आता त्रेसष्ट वर्षांचा झाला होता, आणि देशाच्या सर्वोच्च सभागृहात त्याच तहानेविषयी बोलत होता. विधेयकाच्या नावापासूनच त्यांचे मत वेगळे होते. त्यात अपराधाऐवजी नागरी हक्कांच्या संरक्षणाचा उल्लेख असावा, असे त्यांनी सुचविले. वरवर पाहता हा शब्दांचा वाद वाटेल. पण पाणवठ्यावर पाणी मिळणे ही कोणाची मेहेरबानी नाही. तो नागरिकाचा हक्क आहे, आणि कायद्याने तो हक्क म्हणूनच सांगावा, हे त्यातील मर्म होते.

ते नाव त्या वेळी स्वीकारले गेले नाही. १९५५ चा कायदा अस्पृश्यता (अपराध) अधिनियम म्हणूनच लागू झाला आणि त्याखालील गुन्हे आपसांत तडजोड करून मिटविता येत असत. गावातील बलवानापुढे दुबळ्याची तडजोड कशी होते, हे सांगावयास नको. पुढे १९७६ मध्ये संसदेने ह्या कायद्यात व्यापक दुरुस्ती केली. तडजोडीची वाट बंद झाली आणि कायद्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे झाले. बावीस वर्षांपूर्वी विरोधी बाकांवरून झालेली सूचना अशा रीतीने फलद्रूप झाली. ती पाहण्यास बाबासाहेब हयात नव्हते.

एका गोष्टीचे समाधान मात्र त्यांच्या हयातीतच त्यांना लाभले. ज्या हिंदू कोड बिलासाठी त्यांनी मंत्रिपद सोडले होते, ते १९५५ व १९५६ ह्या दोन वर्षांत चार स्वतंत्र कायद्यांच्या रूपाने संमत झाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपूर येथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. राज्यसभेचे सदस्य असतानाच, ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीतील निवासस्थानी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. दुसऱ्या दिवशी मुंबईत दादरच्या समुद्रकिनारी अथांग जनसमुदायाच्या साक्षीने त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

सत्ता हाती असताना जनहिताचे कार्य करणारे अनेक असतात. सत्ता नसताना, निवडणुकीत दोनदा नाकारले गेल्यावरही, त्याच निष्ठेने प्रश्न मांडीत राहणे अधिक कठीण आहे. बाबासाहेबांच्या त्या सूचनांवर मतदान झाले असते, तर त्यांतील बहुतेक बहुमताअभावी पडल्या असत्या. पण सभागृहाच्या इतिवृत्तात त्यांची नोंद राहिली, आणि पुढील पिढीला ती उपयोगी पडली.

लोणंदहून मिरजेकडे जाताना गाडी मसूरला क्षणभर थांबली, तर खिडकीतून त्या फलाटाकडे अवश्य पाहावे. आपल्या गावात, आपल्या पाणवठ्यावर, आपल्या दारात कोणी तसेच ताटकळत उभे तर नाही ना, हेही त्या वेळी स्वतःला विचारावे.