काथाने जोडलेले नाक



ऑपरेशन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सुई-दोरा येतो. आजाऱ्याला भेटायला गेलो की किती टाके पडले, हेच आपण आधी विचारतो. आज ज्या माणसाची ओळख करून देत आहे, त्याच्या चेहऱ्यावर मोठे ऑपरेशन झाले, पण टाका एकही पडला नाही. जखम जोडली ती काथाने. होय, पानठेल्यावर विड्याला लावतात तो काथ.

त्या माणसाचे नाव कावसजी. नाव पारशी वाटते, पण इंग्रजी मजकुरात तो शेतकरी जातीचा मराठा असल्याचे म्हटले आहे. साहेब लोक आपली नावे कशी लिहीत हे ठाऊक असल्यामुळे मी त्यावर अडून बसत नाही. टिपू सुलतानाविरुद्धच्या लढाईत तो इंग्रज फौजेचे बैल हाकत असे. म्हणजे शिपाई नव्हे, आपल्या मारेगावकडच्या कुठल्याही गाडीवानासारखा कष्टकरी. 1792 साली तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापून टाकला.

हात गेला तर पोट अडते. नाक गेले तर माणसांत बसणे अडते. नाक कापणे हा शब्द आपण अब्रूसाठी वापरतो तो उगाच नाही. शत्रूला त्याचा जीव नको होता. त्याने तोंड लपवत जगावे एवढेच हवे होते. कावसजी सुमारे वर्षभर तसा जगला.

मग पुण्याजवळ विटा करणाऱ्या कुंभार जातीच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. मुंबईचे दोन इंग्रज डॉक्टर, टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले, यांनी हे ऑपरेशन पाहिले. क्लोरोफॉर्म तेव्हा कुठेच नव्हता.

आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोट्यावर बसवून नाकाचा आकार घेतला. तो सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ ओढली आणि तेवढी कातडी सोडवली. मात्र दोन डोळ्यांच्या मधली एक पट्टी तोडली नाही. आंब्याचे भेटकलम बांधणाऱ्याला हे लगेच समजेल. सांधा जुळेपर्यंत फांदी मूळ झाडावरच ठेवतात, तसे कपाळाचे रक्त त्या कातडीला मिळत राहिले. नंतर थोट्याची जुनी खपली-कातडी खरवडून ताजी केली, बाजूने आणि वरच्या ओठावर खाच पाडली, आणि कपाळाची कातडी अर्धी पिळून खाली आणून तिच्या कडा त्या खाचेत बसवल्या. सुताराने फळीची कड खोबणीत बसवावी तसे.

आता दोऱ्याऐवजी काथ. पाण्यात मऊ केलेला काथ कापडाच्या पट्ट्यांवर लावून अशा पाच-सहा पट्ट्या सांध्यावर एकावर एक बसवल्या. चार दिवस दुसरे काही लावले नाही. खैराच्या लाकडातून निघणारा काथ तुरट असतो, वाळला की घट्ट धरतो. शिवाय ओढ टाक्याच्या छिद्रावर न पडता सगळ्या कडेवर सारखी पडते. आजही लहान जखमांवर डॉक्टर चिकट पट्ट्या किंवा खास गोंद वापरतात, तो याच विचाराने. पुढे तुपात भिजवलेली फडकी लावली. पाच-सहा दिवस रोग्याला उताणे झोपवले. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ चिंध्या घातल्या. साधारण पंचविसाव्या दिवशी मधली पट्टी कापली. नाक धरले होते.

त्या कुंभाराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही, याचे मला फार वाईट वाटते. जात तेवढी लिहिली.

1794 च्या जानेवारीत, ऑपरेशननंतर दहा महिन्यांनी, चित्रकार जेम्स वेल्स यांनी कावसजीचे चित्र काढले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ते माहितीसह छापून आले. कावसजीला तोवर कंपनीची पेन्शन सुरू झाली होती.

लंडनमध्ये ही पद्धत जोसेफ कार्प्यू या सर्जनने मनावर घेतली. तो कॅथलिक घराण्यातला, आणि आधी त्याला धर्मगुरू करायचे घरच्यांच्या मनात होते. त्याने मृतदेहांवर सराव केला, आणि 23 ऑक्टोबर 1814 रोजी एका लष्करी अधिकाऱ्यावर, नंतर लढाईत नाक गमावलेल्या दुसऱ्यावर, हे ऑपरेशन केले. 1816 साली त्याने त्यावर पुस्तक लिहिले. कपाळाच्या कातडीने नाक करण्याच्या या रीतीला जगभरचे सर्जन आजही भारतीय पद्धत म्हणतात.