बाबासाहेबांनी ज्यांचं वकीलपत्र घेतलं ते र. धों. कर्वे

सौंदडला विहारात पालकांची बैठक घेतली की माय-मावश्या मुलींच्या पाळीबद्दल हळूहळू बोलू लागतात. मुलांच्या वयात येण्याचा विषय निघाला, की बाप मंडळी उठून बाहेर जातात. मग पोरगा मोबाइलवर शोधतो, नाहीतर भिंतीवरची गुप्तरोगाची जाहिरात वाचून घाबरतो. अशा वेळी आम्ही रघुनाथ धोंडो कर्वे यांची गोष्ट सांगतो. ब्राह्मण घरातल्या माणसाची गोष्ट विहारात कशाला, असं काही तरुण विचारतात. त्याचं उत्तर १९३४ सालात आहे.

कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. महर्षी धोंडो केशव कर्वे त्यांचे वडील. वडिलांचं नाव आपण शाळेत ऐकलं, मुलाचं फारसं कुणी सांगितलं नाही. ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवत. १९२१ मध्ये पत्नी मालतीबाईंच्या साथीने त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. कॉलेजच्या चालकांना हे रुचलं नाही आणि नोकरी गेली.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं. महाडचा सत्याग्रह त्याच वर्षीचा. मासिकात शरीर, आरोग्य आणि लैंगिक प्रश्नांवर सरळ लेखन असे. घरात आणि शाळेत जे विचारता येत नव्हतं, ते वाचक पत्रातून विचारत आणि कर्वे शास्त्राच्या आधाराने उत्तर देत. हस्तमैथुनाने शरीर खंगतं ही भीती तेव्हाही होती, आजही आहे. 'स्वप्नदोष' हा शब्दच बघा: नैसर्गिक गोष्टीला आपण दोष म्हणून बसलो!

सनातन्यांनी त्यांना कोर्टात खेचलं. १९३१ च्या पहिल्या खटल्यात शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये पुन्हा खटला भरला गेला. यावेळी आक्षेप वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर होता. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर डॉ. भीमराव आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते अश्लील ठरत नाही, आणि लोक प्रश्न विचारत असतील तर त्यांना उत्तर मिळालंच पाहिजे, अशी बाबासाहेबांची भूमिका होती. खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. पण बाबासाहेबांनी हा विषय सोडला नाही. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला, तो त्यांच्याच पक्षाकडून.

जयंतीच्या भाषणांत हा खटला आम्ही क्वचितच ऐकला आहे. आपल्यालाही लाज वाटते, हे कबूल करायला हवं.

कर्वे पदरमोड करून मासिक चालवत राहिले, अखेरपर्यंत. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते गेले. तीन वर्षांनी याच तारखेला नागपूरला धम्मदीक्षा झाली. हा निव्वळ योगायोग, पण आपल्याला तारीख लक्षात ठेवायला सोपी.

ही गोष्ट सांगून झाल्यावर आम्ही बापांना एवढंच सुचवतो: पोराचा आवाज फुटायच्या आधी, शेतावर जाता-येता, त्याला सांगा की आता मिसरूड फुटेल, झोपेत कधी कपडे ओले होतील, तो आजार नाही. मुलीची पाळी काय असते, तेही त्याला सांगा. मागच्या बैठकीत दोघे बाप शेवटपर्यंत बसून राहिले. एकाने आम्हाला दाराशी गाठून विचारलं, हे त्याच्या मायसमोर बोललं तर चालते का?